पाऊण फेरा

भोक पाडायच्या मशीनच्या बिटच्या दांडीवर गोल ओरखडे होते. केसाएवढे बारीक, एकाशेजारी एक, टोकापासून बोटभर अंतरात. मशीनच्या तोंडाशी बिट पकडणाऱ्या चकाच्या तीन जबड्यांनी ते नीट धरलं तर दांडीवर तीन उभ्या पुसट खुणा राहतात. गोल ओरखडे पडतात ते बिट जबड्यांतच फिरलं तर. म्हणजे चक फिरतो आहे आणि बिट लोखंडात अडकून जागच्या जागी उभं आहे. सुनेने डब्यातली अकरा बिटं एकेक करून उजेडात धरली. नऊ बिटांवर ओरखडे होते. उरलेली दोन तिने स्वतः बसवलेली होती, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणि एकदा न्हाणीच्या दारासाठी, घरात कोणी नसताना.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा नवऱ्याच्या पिशवीत ठेवला. कोणाला काही बोलली नाही. बोलायचं कोणी हे ठरलेलं होतं. नवरा बोलणार होता. थंडी सुरू झाल्यापासून तो रोज बोलणार होता.

त्या वर्षी वाऱ्याने पत्रे उडवले होते. गावाबाहेरच्या चार गोदामांपैकी दोन पार उघडी पडली होती आणि उरलेल्या दोन्हींचे पत्रे वारा सुटला की टाळ्या वाजवत. धान्य यायला वीस दिवस होते. गोदाममालकाने काम मेस्त्रींना दिलं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी ते छत मेस्त्रींनीच घातलं होतं. मेस्त्री म्हणजे तिचे सासरे. कामाला तिघंच जण: मेस्त्री, नवरा आणि ती. सासूबाई दुपारी डबा घेऊन येत आणि रिकामे डबे घेऊन जात.

या घरात कामाची एक रीत होती. बिट मशीनमध्ये बसवायचं ते मेस्त्रींनी. भोक कोणीही पाडावं, स्क्रू कोणीही मारावा. चकाला हात मात्र मेस्त्रींचाच. त्यांच्या वडिलांनी त्यांना दहा वर्षं चकाला हात लावू दिला नव्हता आणि त्यांनी मुलाला लावू दिला नाही. मुलगा आता चाळिशीला आला होता. छतावर बसून तो मशीन खाली सोडायचा, मेस्त्री उलट्या क्रेटवर बसून बोथट बिट काढायचे, दुसरं बसवायचे, आणि शिडीवर मधोमध उभी राहून सून ते वर पोचवायची. बिटला धार लावावी तर मेस्त्रींनीच. त्यांनी धार लावलेल्या बिटने लोखंडाची साल निघायची ती एका लांब, न तुटणाऱ्या गुंडाळीत निघायची. दुसऱ्या कामांवरची माणसं मुद्दाम बिटं घेऊन त्यांच्याकडे येत.

जुनी मशीनं वायरीची होती आणि त्यांचा चक चावीने आवळायचा असे. चावीला दांडा असतो. दांड्यामुळे जोर तिप्पट होतो. गेल्या वर्षी बॅटरीची मशीनं घेतली. त्यांना चावी नाही. चक नुसत्या हाताच्या मुठीत धरून आवळायचा. पहिलं मशीन खरोखरच वाईट निघालं. त्याच्या तीन जबड्यांतला एक इतर दोघांच्या मागे राहायचा, कसंही बसवलं तरी बिट तिरकं. दुकानदाराने पाहिलं, मान हलवली आणि एका शब्दानेही न कुरकुरता बदलून दिलं. तिथेच घोळ झाला. पुढचं मशीनही बिट सोडू लागलं तेव्हा कोणाला वेगळी शंका आली नाही. दुसरं बदललं तेव्हा दुकानदार थोडा कुरकुरला. मेस्त्रींनी गावभर सांगून टाकलं की त्या दुकानातलं एकही मशीन नवऱ्यामुलाला आंदणात देण्याच्या लायकीचं नाही, पहिल्याच रात्री सुटेल. लोक हसले. दुकानदार मेस्त्रींना रस्त्यात भेटला की चष्मा पुसायला लागायचा.

सुनेला तिसऱ्या मशीनच्या वेळी कळलं. ती बारावीपर्यंत विज्ञान शिकली होती आणि एखादी गोष्ट दोनदा झाली की तिसऱ्यांदा ती मोजून पाहायची तिला सवय होती. शिडीवर उभी असताना तिने मेस्त्रींनी बसवून दिलेलं मशीन हातात घेतलं, फडक्याने चक धरला आणि पिळला. तो अजून पाव फेरा फिरला. वर भोक पडलं, बिट हललं नाही. त्यानंतर ती जमेल तेव्हा पिळू लागली. मेस्त्री पुढचं बिट निवडायला मान खाली घालत, तेवढ्यात होणारं काम. थंडीच्या सुरुवातीला पाव फेरा. दोन महिन्यांनी अर्धा. आता जवळजवळ पाऊण.

मग तिने मेस्त्रींचा हात पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी जिथे मांसाचा उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत. सकाळी सदरा घालताना सासूबाई खोलीचं दार लोटून घेत. गुंड्या त्या लावतात हे सुनेला दाराच्या फटीतून दिसलं होतं. म्हणजे सासूबाईंनाही माहीत होतं. नवऱ्याला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला की त्याला दिवाणखान्यातल्या घड्याळाला चावी देताना दिसलं होतं, बरेच दिवस झाले. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मिळून चकाला शिव्या घालत होते.

तिने नवऱ्याला शब्द जुळवून दिले होते. धार तुम्हीच लावा, बाबा, तुमच्यासारखी कोणाला येत नाही. बसवायचं काम आम्ही करतो, तुम्ही लक्ष ठेवा. एवढंच बोलायचं. नवरा हो म्हणायचा. मग म्हणायचा, हे काम संपू दे. ते संपलं की पुढचं काम सुरू झालेलं असायचं.

त्या दिवशी, दुसऱ्या गोदामाच्या मधल्या रांगेला, मेस्त्रींनी तिला पाहिलं. तिने फडक्याने चक धरला होता आणि फडक्याला तेलाचा डाग होता. सकाळी शिडीच्या बिजागरीला तेल तिनेच घातलं होतं. मेस्त्री क्रेटवरून उठले. जमिनीवर उभ्या असलेल्या दोन हमालांच्या आणि गोदाममालकाच्या देखत त्यांनी ते फडकं मागून घेतलं, नाकाशी धरलं आणि मालकाला दाखवलं.

"बघा. चक का सुटतो ते बघा. जबड्यांना तेल पाजतीये आमची सूनबाई."

मालक म्हणाला की मेस्त्री, तुमच्या त्या मशीनपेक्षा माझ्या आजीचे दात घट्ट होते, आणि त्यांना तर कोणी तेलही घालत नव्हतं. हमाल हसले. मेस्त्रीही हसले. मग हसू आवरून त्यांनी तिला सांगितलं की पोरी, शिकली आहेस, पण हे पुस्तकातलं नाही. पुन्हा चकाला हात लागला तर शिडीवर उभं राहायचं काम नाही, घरी बसायचं.

तिने वर पाहिलं. नवरा छताच्या लोखंडी पाईपवर दोन्ही बाजूंना पाय सोडून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो नखाने पत्र्यावरचा रंग खरवडत होता.

जेवणानंतर ऊन पत्र्यावर उतरलं आणि पत्रे कुटकुट आवाज करत ताणले गेले. मेस्त्रींनी पाच एमएमचं नवं बिट काढलं, बसवलं, चक मुठीत धरून पिळला. त्यांच्या मानेची शीर वर आली. त्यांनी मशीन तिच्या हातात दिलं आणि या वेळी मान खाली घातली नाही. तिच्या हातांकडे बघत उभे राहिले. तिने मशीन मुठीला धरून घेतलं, चकापासून बोटं लांब ठेवली आणि ते तसंच वर दिलं.

तसंच दिलं, हे नंतर तिला पुन्हा पुन्हा आठवलं. घाबरून दिलं असं तिला स्वतःला सांगता आलं असतं. पण ती घाबरली नव्हती. फिरू दे बिट, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं होतं. एकदा सगळ्यांसमोर फिरू दे.

नवऱ्याने डाव्या हाताने पत्रा दाबला आणि उजव्या हाताने मशीन लावलं. पत्रा भेदून बिट खालच्या लोखंडी पाईपला लागलं आणि तिथे अडकलं. मशीनचा आवाज चढला. चक फिरत होता, बिट उभं होतं. जळक्या लोखंडाचा वास शिडीपर्यंत आला. बिट सुटतंय हे त्यालाही कळलं असणार, पण असं सुटलं की तो अंगाचा भार टाकायचा, गेल्या वर्षापासूनची सवय. त्याने भार टाकला. बिट तिरकं झालं, मधून तुटलं, आणि मशीन त्याच्या सगळ्या वजनासकट घसरून डाव्या हातावर आलं. चकात उरलेला तुकडा फिरतच होता. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातड्यातून तो आरपार गेला.

नवऱ्याने मशीन बंद केलं आणि हात उलटा करून पाहिला, जणू काही हातात कोणी काही ठेवलं आहे. रक्त पत्र्याच्या पन्हळीतून खाली येऊन शिडीच्या वरच्या पायरीवर पडू लागलं.

दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टरने अंगठा वाकवून पाहायला सांगितला; तो वाकला, पण तर्जनीला टेकला नाही. सूज उतरल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाला. दहा दिवस हात वापरायचा नाही. मेस्त्री बाहेरच्या बाकावर बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मशीनबद्दल सांगत होते. या दुकानदाराने माझ्या पोराचा हात घालवला, असं त्यांनी कंपाउंडरला सांगितलं, केसपेपर काढायला आलेल्या बाईला सांगितलं, शेवटी बाकावरच्या एका लहान मुलीला सांगितलं.

घरी आल्यावर जेवणं झाली. नवऱ्याला उजव्या हाताने जेवता येत होतं, तरी सासूबाई त्याला घास भरवायला बसल्या आणि त्याने भरवू दिलं. मेस्त्रींच्या ताटातला पेला दोनदा कलंडला. सासूबाईंनी दोन्ही वेळा पुसून घेतलं. आत गेल्यावर सुनेने नवऱ्याला विचारलं की आता तरी. तो म्हणाला, आज त्यांचं तोंड बघितलंस ना. मी आज कसं बोलू. हात उशीवर ठेवून तो छताकडे पाहत पडला. मशीन तिने न आवळता तसंच वर दिलं होतं, हे ती त्याला सांगणार होती. तिनेही सांगितलं नाही.

सकाळी मेस्त्रींनी मशीन खोक्यात भरलं आणि तिला चल म्हणाले. खोकं तिने धरलं.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मेस्त्रींनी उंबऱ्यातूनच सुरुवात केली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. टाक्यांचा आकडा ऐकून त्याने सुनेकडे पाहिलं, खरं का असं विचारल्यासारखं, आणि तिने मान हलवली. मग त्याने चष्मा पुसला नाही. मशीन खोक्यातून काढलं, तुटका तुकडा काढला, दिव्याखाली जबडे उघडझाप करून पाहिले. आतून दुसरं मशीन आणलं, सीलबंद. तिसरंही आणलं. तिन्ही गल्ल्याच्या टेबलावर ओळीने ठेवली आणि तीन नवी बिटं काढली.

"मेस्त्री, बसवा," तो म्हणाला. "तुमच्या हाताने. जेवढं आवळायचं तेवढं आवळा."

मेस्त्री म्हणाले की मला परीक्षा द्यायला लावतोस का. पण गिऱ्हाइकं बघत होती. त्यांनी पहिलं बसवलं, दुसरं बसवलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी चक पोटाशी धरला आणि डावा हात उजव्यावर ठेवून पिळला. कपाळावर घाम आला. दुकानदाराने पहिल्या मशीनचं बिट दोन बोटांत धरलं आणि ओढलं. ते बाहेर आलं. दुसरं आलं. तिसरं जरा अडकून आलं. तिन्ही बिटं त्याने टेबलावर मशीनांशेजारी ठेवली, आवाज न करता. मग ती पुन्हा चकांत घातली आणि मशीनं सुनेकडे सरकवली.

तिला नाही म्हणता आलं असतं. तिने तिन्ही आवळली. दुकानदाराने एकही ओढून पाहिलं नाही. एका गिऱ्हाइकाने, विटा वाहणाऱ्या एका दांडग्या माणसाने, गंमत म्हणून ओढलं, पक्कड मागितली, पकडीनेही ओढलं आणि हसत सोडून दिलं.

दुकानदार टेबलावर वाकला आणि फक्त मेस्त्रींना ऐकू जाईल इतक्या हळू बोलला, पण सून शेजारीच होती.

"वर्षभर गावात माझं नाव घालवलंत. मी काय म्हणू आता सांगा."

मेस्त्रींनी जुनं मशीन उचलून खोक्यात ठेवायचा प्रयत्न केला. खोक्याचं झाकण त्यांच्या बोटांतून दोनदा सुटलं. तिने ते बंद केलं.

परतीचा रस्ता कालव्याच्या कडेने होता. कालव्यात पाणी नव्हतं, तळाला माती तडकून तिच्या कडा वर वळल्या होत्या. मेस्त्री पुढे चालत होते, ती चार पावलं मागे. अर्धा रस्ता संपला. मग ते थांबले, पण वळले नाहीत.

"तू आवळायचीस."

"हो, मामा."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

त्यांनी कालव्यात पाहिलं. एक कुत्रं खाली उतरून मातीचा वास घेत गेलं.

"रोज आवळायचीस, मग काल का नाही आवळलंस?"

"तुम्ही हात लावू नको म्हणालात."

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं ते रागावतील, आणि तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ते तिच्याकडे असे बघत होते की जणू तिने कालचे सगळे शब्द, मनातलेसुद्धा, मोठ्याने म्हटले आहेत. मग ते म्हणाले की घरी यातलं काही सांगायचं नाही, आणि चालू लागले. घरी पोचल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं की दुकानदाराकडचा सगळा मालच खोटा आहे, शहरातून आणावा लागेल. सासूबाई बरं म्हणाल्या. नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. तिने खोकं कोनाड्यात ठेवलं आणि पाणी भरायला गेली. पण आत गेल्यावर दार लावून तिने त्याला दुकानातलं सगळं सांगितलं, आणि शिडीवरचंही सांगितलं. तो हात गुडघ्यावर ठेवून ऐकत होता. शिडीवरच्या गोष्टीवर त्याने फक्त एवढंच विचारलं की तुला माहीत होतं ना मी भार टाकतो ते. ती हो म्हणाली. त्यानंतर त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिघं गोदामावर गेले, कारण घरी बसलं की बोलावं लागलं असतं. वारा पहाटेपासून सुटला होता. न ठोकलेले पत्रे उचलून आपटत होते आणि प्रत्येक आपटण्याबरोबर आतली कबुतरं फडफडून पुन्हा बसत होती. मेस्त्री क्रेटवर बसले. त्यांनी बिट काढलं, चकात घातलं आणि पिळायला लागले. पिळून झाल्यावर ते मशीन तिला देईनात. मांडीवर ठेवून पुन्हा पिळत राहिले. ती शिडीपाशी उभी होती. नवरा हात गळ्यात बांधून भिंतीच्या सावलीत.

गोदाममालक आला तो सायकलवरून उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकून त्याने वर पाहिलं, मग नवऱ्याच्या हातावरच्या पट्टीकडे, मग मेस्त्रींकडे. तो आज थट्टा करत नव्हता. त्याने सांगितलं की बारा दिवसांत धान्य येतंय आणि पलीकडच्या गावचे तिघं पत्रेवाले कालच येऊन काम बघून गेले. जुनं नातं आहे म्हणून आधी तुम्हाला विचारतो, जमणार आहे का, एवढंच सांगा.

मेस्त्री उभे राहिले. मशीन त्यांनी पोटाशी धरलं होतं. ते म्हणाले की माणसं तीच आहेत, हात तेच आहेत, मशीन तेवढं खोटं आहे. दोन दिवस द्या. शहरात जाऊन दुसरं मशीन आणतो, मग बघा रांगा कशा पुढे सरकतात. हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता आणि त्यांनी एकदाही सुनेकडे पाहिलं नाही. मालकाने दोन दिवस मनातल्या मनात मोजले. तो हो म्हणेल असं वाटलं. त्याने पायडलवर पायही ठेवला.

"मशीन चांगलं आहे," नवरा म्हणाला.

तो सावलीतून बाहेर आला होता. वडिलांच्या आणि त्याच्या मध्ये चार हातांचं अंतर होतं, पण तो मालकाच्या सायकलच्या चाकाकडे बघत होता. मालकाने विचारलं की मग काय झालंय. वर एक पत्रा आपटला. नवऱ्याने तो शांत होईपर्यंत वाट पाहिली. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. सुनेने जुळवून दिलेले शब्द त्याला पाठ होते, सहा महिन्यांत ते त्याने तिच्याजवळ अनेकदा म्हणून दाखवले होते. ते ऐकायला ती थांबली.

"बाबांचा हात गेलाय," तो चाकाकडे बघतच मालकाला म्हणाला. "आजपासून ते कामावर नाहीत."